कापलेली तुळई

त्या वर्षी मेंढ्या विणीला आल्या तेव्हा शेतात घोट्यापर्यंत चिखल होता, आणि ॲलेक बेव्हनचा उजवा गुडघाही त्याच सुमारास गेला. तसा तो दहा वर्षं जातच होता, पण त्या मार्चात खाली बसलं की उठायला गव्हाणीचा आधार लागू लागला. माणूस पासष्टीचा. दीडशे मेंढ्या, एक कुत्री आणि डोंगराच्या कुशीतलं ओकच्या सांगाड्याचं, कुडाच्या भिंतींचं घर. पलीकडे वेल्स, अलीकडे इंग्लंडचं हेरफर्डशायर, मधे सगळा पाऊस.

त्यातच मुलीचा, हेस्टरचा फोन आला. ती राहत होती ते घर मालकानं विकायला काढलं होतं. ऑगस्टपर्यंत खाली करायचं होतं. नवरा तर तीन वर्षांपूर्वीच निघून गेला होता. दोन मुली होत्या, आणि म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहातली नोकरी.

"इकडेच ये," डोरीन फोनवर म्हणाली. फोन ठेवून तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "माळा उघडायचा."

ॲलेक चहात बिस्किट बुडवत होता. ते मोडून चहात पडलं.

"माळ्याची जमीन कुजलीय."

"सदतीस वर्षं ऐकतेय. कुजलेली कुणी पाहिलीय?"

"मी."

"मग डेन्झिललाही बघू दे."

खाली तीनच खोल्या होत्या: स्वयंपाकघर, बसायची खोली आणि या दोघांची झोपायची. वर घरभर माळा. तिकडे जाणारा अरुंद जिना स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या एका दाराआड होता आणि त्या दाराला सहा लांब खिळे ठोकलेले होते. डोरीन लग्न होऊन आली तेव्हापासून तिथं कोट टांगायचे.

डेन्झिल ग्विलियम सुतार सोमवारी आला. बुटका, गोल, अठ्ठावन्न वर्षांचा. खोऱ्यातली निम्मी छपरं त्याच्या हाताखालून गेलेली. त्यानं कोट बाजूला केले, पहारीनं खिळे उपटले. एकेक खिळा किंचाळत बाहेर आला. ॲलेक अंगणात होता. तिथं काही काम नव्हतं, तरी तो तिथंच उभा होता.

"ॲलेक!" वरून हाक आली. "ये रे बाबा, तुझं घर तूच बघ!"

"माझा गुडघा..."

"चढायला माझं पोट आडवं आलं नाही, तुझा गुडघा येतोय होय?"

ॲलेक जिन्याच्या अर्ध्यावर थांबला. डोकं तेवढं वर काढलं. धूळ, कावळ्यांच्या काड्या, गवताचा जुना वास. जमीन कुठंच कुजलेली नव्हती. डेन्झिल माळ्याच्या मधोमध उभा होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना छातीएवढ्या उंचीवर दोन जाड ओंडके भिंतींतून पुढे येऊन हवेत थांबले होते. मधे अडीच फूट मोकळी जागा.

"हे कुणी केलं?"

ॲलेक पायरीवरची धूळ बोटानं बाजूला करत राहिला.

"ही मधल्या कैचीची, छपराच्या लाकडी त्रिकोणाची, आडवी तुळई. अख्ख्या घराचं हिच्यावर आहे. छपराचे वासे काय करतात, दोन्हीकडे पाय फाकवतात. ही त्यांचे पाय बांधून ठेवते. ही कापली म्हणजे कमरेचा पट्टाच कापला. मग पोट सुटणारच." त्यानं स्वतःच्या पोटावर थाप मारली आणि खिशातून ओळंबा काढला. दोरी भिंतीच्या डोक्यावरच्या आडव्या लाकडाला लावून खाली सोडली. शिशाचा गोळा झुलत झुलत थांबला. डेन्झिलनं फूटपट्टी धरली आणि त्याचं हसू गेलं.

"चार इंच. भिंत चार इंच बाहेर गेलीय. डोरीन, इथं मुली झोपवणार होतीस?"

"पडेल?"

"आज नाही. पण वर पलंग, कपाटं, चार माणसं चढवलीस तर मी सांगू शकत नाही." तो पुन्हा ॲलेककडे वळला. "कुणी कापली?"

"आजोबांनी. गवत आत घ्यायला."

"गवताला एवढं?" डेन्झिल पुटपुटला आणि ओळंबा खिशात टाकला.

काम ठरलं. शहरातल्या इंजिनियर बाईनं येऊन मापं घेतली, जुन्या घरांचं बघणाऱ्या कचेरीचा कागद आला. बाईनं दोन वाटा सांगितल्या. एक, कापलेल्या जागी नव्या ओकचा तुकडा सांधून तुळई होती तशी अखंड करायची. मग माळ्याचे दोन भाग पडतील, पलीकडे जायचं तर वाकून, खालून. दुसरी, जाड लोखंडाचा पट्टा करायचा. तो एका टोकाला धरून सरळ खाली उतरेल, माळ्याच्या फळ्यांखालून जाईल आणि पलीकडे चढून दुसरं टोक धरेल. तुळईतली ओढ मोकळ्या जागेला वळसा घालून जाईल आणि वाट उघडी राहील. यात कटकट जास्त, वेळ जास्त.

"ओकच घाला," ॲलेक लगेच म्हणाला. "होती तशी करा."

"अरे, पण मुलींना रोज वाकून..." डोरीन म्हणाली.

"लहान आहेत. वाकतील."

डेन्झिल म्हणायचा, माळ्याचं काम तळापासून सुरू होतं. वरचं वजन शेवटी कुठंतरी जमिनीत उतरतं, ते कुठं उतरतं ते आधी बघा. म्हणून पहिले तीन आठवडे कुणी माळ्यावर गेलंच नाही. मधल्या खांबाचा पाय दगडी जोत्यावर टेकलेला, आणि त्या पायात चाकू मुठीपर्यंत गेला. खांब टेकूवर घ्यायचा, कुजलेलं कापायचं, नवा पाय सांधायचा. तोवर मेंढ्यांची वीण चालूच होती. ॲलेक पहाटे एक आडवं आलेलं कोकरू ओढून काढायचा, हात कोपरापर्यंत रक्ताचे, आणि ते न धुताच टेकू धरायला यायचा.

हेस्टर सुटीच्या दिवशी येई. तिनं केस फडक्यात बांधले आणि टेकूचे लोखंडी खांब दोन दोन खांद्यावर टाकून नेऊ लागली. ॲलेकनं एक उचलला. चार पावलं गेला आणि गुडघा दगा देऊन गेला. खांब एका बाजूला, तो दुसऱ्या बाजूला, चिखलात बसकण.

"थांब, हलू नको," डेन्झिल म्हणाला.

"मी उठतो."

उठता येईना. चिखलाला हात टेकला की हात घसरे. हेस्टर आली, मागून त्याच्या काखांत हात घातले. कामावर ती रोज पंधरा म्हाताऱ्यांना असंच उठवते.

"तीन म्हटलं की उठायचं हं. एक, दोन..."

"मी काय तुझ्या तिथला आहे?"

"तीन."

तो उठला. पँटचा मागचा भाग ओला, चिकट. डेन्झिलनं पाठ फिरवून ओळंब्याची दोरी गुंडाळायला घेतली. ती मघाशीच गुंडाळून झाली होती.

एप्रिलच्या मध्याला ते वर चढले. जॅक लावले आणि वाश्यांचं वजन थोडं थोडं उचलून घेऊ लागले. घर बोलू लागलं. कुठं चर्र, कुठं बंदुकीसारखा आवाज. डेन्झिल दर आवाजाला हसे. "अंग मोडतंय. सत्तरऐंशी वर्षं अवघडून झोपलं होतं."

ॲलेक खाली स्वयंपाकघरात ब्रेड कापत होता. वर कुणी नव्हतं, डेन्झिल गाडीत जेवत होता. दुपारचं लख्ख ऊन खिडकीतून टेबलावर पडलं होतं. आणि डोक्यावर आवाज आला.

ठक. मग घासत गेल्यासारखा, लांबलचक. पुन्हा ठक. पुन्हा घासत.

या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिथं थांबला.

चुलीजवळची कुत्री उठून जिन्याच्या दाराकडे पाहू लागली. ॲलेकच्या हातातली सुरी ब्रेडमधे तशीच होती. तो एकोणसाठ वर्षांनी हा आवाज ऐकत होता, आणि त्यातला एकही ठोका तो विसरला नव्हता.

डोरीन कोंबड्यांना घालून आत आली. "काय झालं? पांढरा पडलास."

"वर कोण आहे?"

"कोणी नाही. लाकूड वाजत असेल. डेन्झिल म्हणाला ना."

लहानपणीही असंच सांगायचे. सफरचंदं घरंगळतात, त्याची आई म्हणायची. माळ्यावर सफरचंदं ठेवतात, ती घरंगळतात, तू खा गपचूप. आजोबा, एमॉस बेव्हन, रोज एक झाकलेली ताटली घेऊन वर जायचे. सफरचंदांना मटण कशाला लागतं, हे सहा वर्षांच्या पोराला कळत होतं. एकदा जिन्याचं दार अर्धवट राहिलं तेव्हा त्याला वरच्या पायरीवर एक बायकी बूट दिसला. बुटाला दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या होत्या. मग दार लागलं. त्यानंतर त्याला आवाजाची भीती वाटू लागली. भीतीनं तो अंथरूण ओलं करू लागला आणि आई मारू लागली.

शाळेत डोकी तपासायला एक नर्स यायची. उवा बघता बघता बोलायची. घरी कोण कोण असतं रे? त्यानं बोटं मोजली. आजोबा, बाबा, आई, मी. आणि वरची.

वरची कोण?

तिला कोंडून ठेवलंय, तो म्हणाला.

हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कोंडून हा शब्द त्याचा स्वतःचा. तो आवाज बंद व्हावा एवढंच त्याला हवं होतं. दोन आठवड्यांनी तो शाळेतून आला तर अंगणात गाडीच्या चाकांचे वळ होते, आजोबा टेबलाशी बसले होते, आणि वर काही वाजत नव्हतं. त्याला कुणी काही बोललं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. मोठेपणी बापाच्या कागदांत त्याला एक चिठ्ठी सापडली: ऑलवेन बेव्हन, वय पस्तीस, न्यूमोनिया. इस्पितळात नेल्यापासून अकरा महिन्यांत. त्याची आत्या. खोऱ्यातल्या लोकांना ती लहानपणीच वेल्समधल्या नातेवाइकांकडे जाऊन वारली असं माहीत होतं.

चिठ्ठी जाळून त्यानं दाराला खिळे ठोकले, आणि स्वतःला एक गोष्ट सांगत राहिला. म्हाताऱ्यानं पोरीला बावीस वर्षं जनावरासारखं कोंडलं होतं. आपण निदान दार उघडलं. शेवटचे अकरा महिने का होईना, ती माणसांत राहिली. या एका गोष्टीवर त्याचं आयुष्य टेकलेलं होतं.

ती गोष्ट डेन्झिलनं मे महिन्यात मोडली. मोडतोय हे त्याला ठाऊकही नव्हतं.

लोकर कातरायची तयारी चालली होती. ॲलेक धार लावलेली पाती ठेवायला आत आला, तोच डेन्झिलनं वरून बोलावलं. हेस्टरही वर होती. या वेळी ॲलेक पूर्ण जिना चढला. एकेक पायरी, दोन्ही पाय त्याच पायरीवर टेकून.

"हे बघ," डेन्झिल म्हणाला. "नवा तुकडा सांधायचा म्हणून टोकं साफ करत होतो. ॲलेक, गवतासाठी कापली म्हणालास ना? गवतासाठी कापणारा करवत मारतो आणि निघून जातो. हात लाव."

ॲलेकनं हात लावला नाही. हेस्टरनं लावला.

"गुळगुळीत आहे."

"गुळगुळीत? अगं, चौदा इंची जुना ओक, लोखंडासारखा. कापायलाच दिवस गेला असेल. मग त्यानं कडा पटाशीनं गोल केल्या. मग घासल्या. मग मेण चोळलं. कुणाला लागू नये म्हणून. आणि हा काळा चकाकता भाग बघ. हे मेण नव्हे, हाताचं तेल. दोन्ही टोकांवर, एकाच उंचीवर. कुणीतरी रोज इथं दोन्ही हात टेकून पार व्हायचं. एक पाय अधू असणार. खाली बघ."

फळ्यांवरची धूळ झाडलेली होती. धुराड्याच्या उबदार भिंतीपासून निघून, दोन टोकांच्या मधून, थेट पलीकडच्या खिडकीपर्यंत एक उथळ चर गेला होता. माणसाच्या एका पायानं पडलेला. खिडकीखाली बसायला फळी होती. खिडकीतून डोंगर दिसत होता, ढगांच्या सावल्या त्याच्यावरून सरकत होत्या.

"ज्याला वाकता येत नाही आणि चढताही येत नाही," डेन्झिल म्हणाला, "त्याच्यासाठी कापलीय ही. खिडकीपाशी जाता यावं म्हणून. आणि कापणाऱ्याला लाकूड कळत होतं हं. घर फाटणार हे माहीत असून कापलीय."

"बाबा, कोण राहायचं इथं?" हेस्टरनं विचारलं.

"आजोबा कोंडायचे," ॲलेक म्हणाला. "कोंडून ठेवलं होतं तिला."

डेन्झिलनं डोकं खाजवलं. "कोंडून? पण मग कडी..." तो जिना उतरून खालच्या दाराशी गेला, आत उभं राहून दार ओढून घेतलं. दाराच्या आतल्या अंगाला एक जुनी लोखंडी कडी होती, हातानं घासून उजळ झालेली. "कडी तर आतून आहे. बाहेरून कधी नव्हतीच. भोकंसुद्धा नाहीत. बाहेरून फक्त ते सहा खिळे होते, ते मी काढले. ते कुणी मारले होते?"

ॲलेक जिना उतरला. उतरताना त्याला कुणी थांबवलं नाही.

डोरीन गोठ्यात होती. आई मेलेल्या एका कोकराला मांडीत घेऊन बाटलीनं दूध पाजत होती. ॲलेक समोर उलट्या बादलीवर बसला आणि सगळं सांगितलं. नर्स, बोटं, तो शब्द. चिठ्ठी. खिळे. कोकराची शेपटी सारखी हलत होती. दूध संपलं तरी ते रिकामी बाटली चोखत राहिलं.

"सहा वर्षांचा होतास," डोरीन शेवटी म्हणाली.

"सांगितलं तेव्हा सहा वर्षांचा होतो. नंतरची साठ वर्षं कोण होतो?"

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? सोडवली म्हणून सांगू, का मारली म्हणून?"

डोरीननं कोकरू खाली ठेवलं. तिला राग आला होता, आणि तो कुठं ठेवावा ते कळत नव्हतं. "सदतीस वर्षं त्या दारावर मी कोट टांगतेय, ॲलेक. ओले कोट. तुझ्या आत्याच्या दारावर." ती बाटली विसळायला निघून गेली. त्या दिवशी तिनं जेवण वाढलं, पण टेबलाशी बसली नाही.

लोकर कातरणीचे चार दिवस कुणी कुणाशी जास्त बोललं नाही. ॲलेकला खाली वाकता येईना म्हणून शेजारच्या शेतावरची दोन माणसं आली. तो फक्त लोकर गुंडाळत होता, बायकांचं काम म्हणून ज्याला तो जन्मभर हसला ते. हात लोकरीच्या तेलानं मऊ पडले. मधेच तो थांबे आणि तळव्यांकडे बघे.

हेस्टर मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. तिनं आईकडून नाव काढून घेतलं आणि चार कचेऱ्यांना पत्रं टाकली. ते इस्पितळ कधीच बंद पडलं होतं, पण दप्तर ठेवलेलं होतं. जूनच्या शेवटी ती एक पाकीट घेऊन आली. आत एका पानाची नक्कल. आईबापांना टेबलाशी बसवून तिनं स्वतःच वाचलं, कारण ॲलेकनं चष्मा सापडत नाही म्हणून सांगितलं.

"स्वच्छ, सुस्वभावी. शिवण उत्तम. अक्षर चांगलं, वडिलांनी शिकवलेलं. अधूनमधून झटके येतात." हेस्टर थांबली. "मग ही नोंद दोनदा आहे. नोव्हेंबरात आणि जानेवारीत. दारापाशी थांबते. दोन्ही हात बाजूंना पसरते आणि उभी राहते. कुणी हात धरल्याशिवाय पुढे येत नाही. हट्ट समजून लक्ष दिले नाही."

चुलीवरची किटली शिट्टी देऊ लागली. डोरीन उठली नाही. शिट्टी वाढत वाढत गेली तेव्हा हेस्टरनंच जाऊन ती उतरवली.

ॲलेक टेबलाच्या लाकडातल्या गाठीकडे बघत होता. "तिथली दारं रुंद असतील," तो म्हणाला.

"हो, बाबा."

"धरायला काही नसेल."

डोरीननं त्याच्या मनगटावर हात ठेवला. चार आठवड्यांत पहिल्यांदा. मग पदराआड रडावं तशी ती एप्रनमधे तोंड खुपसून रडली, आणि ॲलेकला मात्र रडू आलं नाही. तो उठला, अंगणात गेला, डेन्झिलच्या गाडीपाशी थांबला. गाडीवर नव्या ओकचा तुकडा बांधलेला होता, मापानं कापून, सांध्यात बसायची कुसं कोरून तयार.

"परत ने," ॲलेक म्हणाला.

"काय?"

"तो नको. लोखंडाचं कर. वळसा घालून जाणारं."

"अरे, हा कोरायला मला तीन दिवस लागले!" डेन्झिलनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. हेस्टरनं त्याला थोडंफार सांगितलं होतं. "बरं. गावातल्या पुलाला लावतो हा. तुझ्या नाही तर गावाच्या कामी येईल."

लोहारानं पट्टे केले. माळ्याच्या फळ्यांखालच्या जुन्या तुळया सफरचंदांपुरत्या होत्या, त्यांच्या शेजारी नव्या टाकल्या, तरच वर माणसं चालली असती. ऊब राहावी म्हणून वाश्यांच्या मधे स्वतःच्याच मेंढ्यांची धुतलेली लोकर भरली. मग जुलैच्या एका कोरड्या सकाळी बोल्ट आवळायचा दिवस आला. डेन्झिल डावीकडे, हेस्टर उजवीकडे, दोघांच्या हातांत हातभर लांब पाने. एक आटा तू, एक आटा मी. ॲलेक ओळंब्याची दोरी धरून होता. त्याला बसायला स्टूल दिलं होतं आणि तो बसलाही होता.

घर कण्हलं. भिंतीतून चुना झडला.

"किती?" डेन्झिलनं विचारलं.

"अर्धा इंच आत."

"बास. थांब, हेस्टर."

"अजून साडेतीन आहेत की," ॲलेक म्हणाला.

"ते नाही यायचे. ओक एकदा वाकला की वाकला. जास्त ओढलं तर चिरेल. इथून पुढं जाणार नाही, एवढंच आपल्या हातात." त्यानं पाना खाली ठेवून घाम पुसला. "टोकांवर फळ्या मारू का? जरा नीटनेटकं दिसेल."

"नको."

टेकू काढले. खांबांवरून वजन नव्या पायांवर, जोत्यावर, जमिनीत उतरलं. डेन्झिलनं गाडी भरली. त्या दुपारी सगळे खाली गेल्यावर ॲलेक वर एकटाच बसून राहिला. तो ऐकत होता. पाखरं, लांबचा ट्रॅक्टर, आपला श्वास. संध्याकाळच्या आत पुन्हा आलं ते. धुराड्यापासून निघालं, ठक आणि घासत, त्याच्या स्टुलाच्या अगदी जवळून गेलं. मधल्या वाटेशी जरा थांबलं. मग पार झालं, खिडकीपर्यंत गेलं. कुणी बसल्यासारखी फळी कुरकुरली. ॲलेक जागचा उठला नाही.

"ऑलवेन आत्या," तो म्हणाला. हे नाव त्यानं जन्मात कधी उच्चारलं नव्हतं, त्यामुळे ते कसं म्हणायचं याचीही त्याला खात्री नव्हती. "मीच सांगितलं गं."

खिडकीपाशी काहीच नव्हतं. डोंगरावर उन्हाचा एक तुकडा होता, तो सरकला.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी हेस्टरचं सामान आलं. पलंगाचे सुटे भाग, खोकी, एक ओरखडे पडलेली सायकल. मोठी मुलगी बेथन आठ वर्षांची. ती जिना चार ढांगांत चढली, आणि ॲलेक रेलिंग धरून वर पोचेपर्यंत तिच्या तीन फेऱ्या झाल्या होत्या. दोन्ही काखांत दोन उशा, दातांत चादरीचं टोक.

ती धुराड्यापाशी वळली आणि धावत सुटली. मधल्या वाटेपाशी आली. ॲलेकचे हात आपोआप पुढे झाले.

ती थांबली नाही. दोन टोकांच्या मधून सरळ निघून गेली. हात भरलेले, कशालाच न शिवता. पलीकडे उशा टाकून परत आली, परत गेली. तिच्या पायांनी फळ्या दणाणत होत्या आणि छप्पर जागचं हलत नव्हतं.

"सावकाश!" तो ओरडला.

"का?" ती धापा टाकत वाटेच्या बरोबर मधे उभी राहिली. "पडेल का हे?"

"नाही. पडणार नाही."

"मग का सावकाश?"

ॲलेक वरच्या पायरीवर बसला. गुडघा हातानं उचलून सरळ केला. खालून डोरीनची हाक आली, चहा झालाय म्हणून. तो उठला नाही.

"इकडं ये," तो म्हणाला. "बस इथं. तुझ्या खोलीत आधी कोण राहायचं, सांगतो."

"चांगलं माणूस होतं का ते?"

त्यानं विचार केला. "मी कधी भेटलोच नाही," तो म्हणाला. "पण तिचं अक्षर चांगलं होतं."